वेब डिझाइनमध्येच मुरावे की बॅकएंड शिकावे?

संगमावरची (कराड)

सर्वांना नमस्कार.

माझे शिक्षण उपयोजित कलेचे आहे. कोल्हापूरला पदविका पूर्ण केल्यावर दोन वर्षे मी एका छापखान्यात लग्नपत्रिका, दिनदर्शिका आणि औषधांच्या खोक्यांची मांडणी केली. छापील काम आटत चालले तेव्हा वेबसाइटकडे वळले, त्याला आता सहा वर्षे झाली. दवाखाने, शाळा, महाबळेश्वरच्या वाटेवरची दोन-तीन निवासस्थाने, दागिन्यांची एक पेढी अशी साठेक कामे माझ्या हातून झाली आहेत. फिग्मा या साधनात आराखडा करायचा, ग्राहकाची मान्यता घ्यायची आणि मग एचटीएमएल-सीएसएस (पानाचा सांगाडा आणि त्याचे रूप ठरवणाऱ्या भाषा) स्वतः लिहायचे किंवा तेच वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या तयार प्रणालीवर चढवायचे, ही माझी पद्धत आहे. जावास्क्रिप्ट कामापुरती येते, म्हणजे मेनू उघडमिट करणे, छायाचित्रे सरकवणे, अर्जातले रकाने भरले आहेत की नाही ते पाहणे, इतपत. सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथून चालते त्या संगणकावर, नेमके काय चालते, ते बॅकएंडचे कपाट मी कधी उघडलेच नाही.

गेल्या हंगामात त्याचा फटका बसला. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांची साइट मी केली होती आणि ती त्यांना मनापासून आवडली होती. काही दिवसांनी ते म्हणाले, "ताई, आता शीतगृहातला माझा मालही यातच दिसू दे. दिल्लीवाला रात्री बघेल, लॉट राखून ठेवेल आणि सकाळी मी त्याला चिठ्ठी पाठवीन." मी दुकानासाठी मिळणारे एक तयार प्लगइन, म्हणजे साइटला वरून जोडायचा प्रोग्रॅम, बसवून दिले. आठवडाभरातच हिरव्या बेदाण्याच्या ४० पेट्यांचा एकच लॉट इंदूरच्या आणि दिल्लीच्या अशा दोन व्यापाऱ्यांना कबूल झाला. शब्द राखण्यासाठी त्यांनी दुसऱ्याचा माल सौद्यातून चढ्या भावाने उचलून दिला. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत, पण पुढचे काम त्यांनी दुसरीकडे दिले.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. पुण्यातला माझा मावसभाऊ म्हणतो की डिझाइन यापुढे यंत्रेच करतील, बॅकएंड शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. आमचे सर म्हणतात की दोन दगडांवर पाय ठेवशील तर हातची कलाही जाईल. मी ३१ वर्षांची आहे, घरच्या जबाबदाऱ्यांमुळे कराड सोडता येणार नाही आणि रोज पहाटेचे दोन तास माझ्या हक्काचे आहेत. ते दोन तास मी डिझाइनमध्येच अधिक खोल जाण्यासाठी वापरावेत, की प्रोग्रॅमिंगची पाटी कोरी धरून सुरुवात करावी? ज्यांनी यांपैकी एक वाट प्रत्यक्ष चालून पाहिली आहे, त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

शिलकी (पुणे)

आपला प्रश्न वाचल्यावर मला आधी त्या ४० पेट्यांविषयीच विचारावेसे वाटले. त्या दोन मागण्यांपैकी दोन्ही साइटवरून आल्या होत्या, की एखादी फोनवरून आली होती? हे विचारण्याचे कारण पुढे येईल.

मी १४ वर्षे बॅकएंडचे काम करतो आहे. बाहेरून पाहणाऱ्याला बॅकएंड म्हणजे एखादी भाषा वाटते, पीएचपी, पायथन किंवा जावा. भाषा हा त्यातला सर्वांत हलका भाग आहे. दोन माणसांनी एकाच क्षणी एकच गोष्ट मागितली तर काय करायचे, अर्ध्यात तुटलेला व्यवहार कुठवर मागे न्यायचा, एकच निरोप दोनदा आला तर तो दुसरा आहे हे कसे ओळखायचे, अशा प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवणे म्हणजे बॅकएंड. दोन्ही मागण्या साइटवरून आल्या असे धरून तुमच्या लॉटचेच पाहा. इंदूरच्या व्यापाऱ्याने पान उघडले तेव्हा शिल्लक ४० होती आणि दिल्लीच्या व्यापाऱ्याने उघडले तेव्हाही ४०च होती. प्रोग्रॅमने आधी शिल्लक वाचली, ती पुरेशी आहे असे ठरवले आणि मग वजाबाकी लिहिली, तर वाचणे आणि लिहिणे यांच्या मधल्या फटीत दुसरा माणूस शिरतो. अनुभवी माणूस हे दोन टप्प्यांत करत नाही. 'या लॉटमधून ४० वजा कर, पण शिल्लक ४० किंवा त्याहून अधिक असेल तरच' असा एकच हुकूम तो डेटाबेसला, म्हणजे माहितीचा साठा सांभाळणाऱ्या प्रणालीला, देतो. डेटाबेस दुसऱ्याला क्षणभर थांबवतो, पहिल्याचे काम पुरे करतो आणि दुसऱ्याच्या वेळी 'एकही ओळ बदलली नाही' असे कळवतो. त्यावरून दुसऱ्या व्यापाऱ्याला 'माल संपला' हे सांगता येते. एका ओळीचे काम आहे. ती ओळ तिथे हवी हे सुचायला मात्र वर्षे लागतात.

असे सुचणे मी कसे शिकलो तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका धावण्याच्या स्पर्धेची नोंदणी मी केली होती. पैसे जमा झाले की पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून) आमच्या सर्व्हरला निरोप येई आणि त्यावर आम्ही धावपटूला क्रमांक देत असू. शेवटच्या दिवशी गर्दी वाढली, आमच्या सर्व्हरला पोच द्यायला उशीर होऊ लागला आणि पोच न मिळाल्यामुळे गेटवेने तेच निरोप पुन्हा पाठवले. असे निरोप पुन्हा येऊ शकतात हे त्यांच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेले होते. मीच ते वाचले नव्हते. साठाहून अधिक धावपटूंना दोन-दोन क्रमांक मिळाले आणि ते घोळ मी रात्रभर हाताने निस्तरले. प्रत्येक निरोपाला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. तो एका रकान्यात साठवून 'हा दुसऱ्यांदा येता कामा नये' अशी अट घातली असती, तर डेटाबेसनेच दुसरा निरोप परतवला असता.

डिझाइनमधली चूक पहिल्याच दिवशी ग्राहकाच्या डोळ्यांत भरते. बॅकएंडमधली चूक महिनोन्महिने दडून बसते आणि बाहेर पडते ती नेमकी गर्दीच्या दिवशी. ही धास्ती उशाशी घेऊन झोपता येते का, हे स्वतःला विचारा. मला तरी बुद्धिमत्तेपेक्षा हा स्वभावाचा प्रश्न वाटतो.

आता सल्ला. पहाटेचे दोन तास पहिले सहा महिने प्रोग्रॅमिंगच्या भाषेला नव्हे, डेटाबेसला हुकूम देण्याच्या एसक्यूएलला द्या. एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडण्याचा विचार १९७० मध्ये मांडला, त्यावरून पुढे एसक्यूएल आली आणि ती आजही तशीच वापरात आहे. मधल्या काळात किती साधने आली आणि गेली त्याचा हिशेब नाही. २०१० मध्ये आलेले अँग्युलरजेएस हे जावास्क्रिप्टचे साधन शिकून आमच्याकडे कितीतरी जण नोकरीला लागले होते. २०२१ च्या अखेरीस त्याला मिळणारा अधिकृत आधारही संपला. पहाटेचे तास थोडके असतील तर ते टिकाऊ गोष्टीत घालावेत.

वेलांटी (डोंबिवली)

शिलकी यांचे स्पष्टीकरण उत्तम आहे, पण त्यातून प्रश्नकर्तीचा असा समज होईल की तिचे डिझाइनचे काम शिकून झाले आहे आणि आता पुढची इयत्ता बॅकएंडची. हे मला मान्य नाही. सहा वर्षांत साठ साइट केल्या म्हणजे हात बसला. खोली अजून पुढे आहे.

मी एका उत्पादन कंपनीत केवळ भारतीय भाषांतल्या पडद्यांचे काम पाहते. माझे पद डिझाइनरचे आहे, पण दिवसातला निम्मा वेळ सीएसएस लिहिण्यात आणि तपासण्यात जातो. रोमन लिपीसाठी ठरवलेली ओळींची उंची देवनागरीला लावली, की वरच्या ओळीतल्या 'कृ'चा पाय खालच्या ओळीतल्या 'कीर्तीं'च्या डोक्यावर पडतो. ठरावीक उंचीच्या बटणात मजकूर बसवला, की वेलांटीचा माथा छाटला जातो. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून कोणी अक्षरांमधले अंतर वाढवले, की शिरोरेखा तुटून शब्दाचे तुकडे तुकडे होतात. इंग्रजीत जोर देण्यासाठी अक्षरे तिरपी करतात, तीच सवय मराठीला लावली की ब्राउझर उभे अक्षर नुसते ढकलून वाकवतो आणि ते पडायला आल्यासारखे दिसते. हे दोष मी दर आठवड्याला पाहते, मोठमोठ्या साइटवर पाहते. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू यांच्यासारखे चांगले देवनागरी फाँट गूगल फाँट्सवर विनामूल्य मिळतात, तरी हे होते, कारण फाँट निवडणे आणि तो मांडता येणे यांत फरक आहे. छापखान्यात दोन वर्षे मराठी मजकूर लावलेल्या माणसाला हा फरक डोळ्यांनी कळतो. ती दोन वर्षे तुम्ही प्रश्नात ओझरती सांगितलीत. माझ्या मते तुमची खरी पुंजी तीच आहे.

दुसरी खोली सुगम्यतेची, म्हणजे अधू दृष्टीच्या किंवा दिव्यांग माणसालाही साइट वापरता यावी याची. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००८ पासून सांगत आली आहेत. फिकट करड्या अक्षरांच्या मोहापायी मीही ते एकेकाळी धाब्यावर बसवले होते. मग एकदा साठीतल्या एका गृहस्थांना मी केलेला अर्ज भरताना पाहिले. रकान्यावरची करडी सूचना त्यांना दिसतच नव्हती आणि ते मोबाइल खिडकीकडे नेऊन तिरपा धरून वाचत होते. त्या दिवसापासून मी रंग मोजूनच निवडते. बटण म्हणून जे दिसते ते एचटीएमएलमध्येही बटणच असले पाहिजे. नुसत्या चौकटीला रंग देऊन टिचकी जोडली, तर कळफलकावर अवलंबून असणाऱ्या माणसाला तिथपर्यंत पोचताच येत नाही. आपल्याकडे दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. त्यामुळे बाहेरदेशी ग्राहक असलेल्या कंपन्या आता हे जाणणारी माणसे शोधत आहेत आणि अशा कामासाठी गाव सोडावे लागतेच असे नाही.

बॅकएंडला माझा विरोध नाही. पण सीएसएसही उभी राहिलेली नाही. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीची कल्पना मांडली, २०१७ च्या मार्चमध्ये ग्रिड ही आडव्या-उभ्या रकान्यांची सीएसएस मांडणी प्रमुख ब्राउझरांत एकापाठोपाठ आली आणि त्यानंतरही भर पडतेच आहे. तुम्ही ग्रिड हाताने लिहिता की अजून बूटस्ट्रॅप या तयार संचाच्या बारा रकान्यांत विचार करता? उत्तर दुसरे असेल, तर पहाटेचे दोन तास कुठे जायला हवेत ते मी वेगळे सांगत नाही.

मांडवीकाठ (पणजी)

वरचे दोन्ही प्रतिसाद पगारदार माणसांचे आहेत, म्हणून धंद्याच्या बाजूने थोडे कडू लिहितो.

मी ११ वर्षे गोव्यातली छोटी हॉटेले, अतिथिगृहे आणि उपाहारगृहे यांच्या साइट करतो आहे. एके काळी वर्षाला वीस-बावीस नवी कामे येत. गेल्या वर्षी पाच आली. ग्राहक पळवले ते दुसऱ्या डिझाइनरने नव्हे. नकाशावर दुकानाची नोंद, व्हॉट्सअॅपवर मेनू आणि इन्स्टाग्रामवर छायाचित्रे एवढ्यावर छोट्या माणसाचे भागते. ज्याला साइट हवीच असते, तो आता यंत्राला चार वाक्ये सांगून पहिले पान काढतो आणि 'एवढे नीट करून द्या' म्हणून माझ्याकडे येतो. त्याचे पान वाईट असते हे मला दिसते, त्याला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे कोणी देत नाही. वेलांटी यांचे गुणोत्तर मी किनाऱ्यावरच्या एका अतिथिगृहाच्या मालकांना समजावून पाहिले आहे. त्यांनी चहा पाजला आणि करडा रंग तसाच ठेवायला सांगितला.

पैसे अजून देतात ते दुखणे थांबवण्याचे. एकच खोली तीन पोर्टलांवर लावलेली असते आणि नाताळच्या आठवड्यात ती दोघांना विकली जाते. हे थांबवून देतो म्हटल्यावर तेच मालक भाव करत नाहीत. मी पायथन आणि जँगो ही तिची तयार चौकट शिकलो ते त्यासाठी, तेही चाळिशीला टेकल्यावर. उत्पन्न सावरले, हे खरे. मात्र साइट देऊन मोकळे होण्याचे दिवस संपले, हेही तितकेच खरे. आता सर्व्हर माझा, बॅकअप माझा आणि २४ डिसेंबरच्या रात्रीचा फोनही माझाच. वार्षिक देखभालीचा करार लेखी केल्याशिवाय या कामाला हात लावू नका. पहिली तीन वर्षे मी भिडेखातर तो केला नाही आणि फुकट राबलो.

माझे मत बॅकएंडच्या बाजूने आहे, पण ते आवड म्हणून नव्हे.

संगमावरची (कराड)

सर्वांचे आभार. वेलांटी, ग्रिड मी हाताने लिहिते. बूटस्ट्रॅप सोडून तीन वर्षे झाली. छापखान्याविषयी तुम्ही लिहिलेले मात्र दोनदा वाचले.

शिलकी, दोन्ही मागण्या कुठून आल्या हे मी तेव्हा विचारलेच नव्हते. प्लगइन माझे म्हणजे चूकही माझी, असे धरून मी गप्प बसले. या आठवड्यात तासगावला जाणे होणार आहे, तेव्हा विचारून येईन. तोवर एक शंका आहे. माझे गणित दहावीनंतर सुटले आणि इंग्रजी वाचता येते पण वेग नाही. एवढ्या भांडवलावर एसक्यूएल झेपेल का?

उशिराचा विद्यार्थी (नाशिक)

झेपेल, आणि हे धीर देण्यासाठी लिहीत नाही. मी ३४ व्या वर्षी हेच केले. त्याआधी फलक आणि पुस्तकांची मुखपृष्ठे करत होतो. व्यापाऱ्याच्या हिशेबाला बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित क्वचितच लागते. एक सापळा तेवढा लक्षात ठेवा. संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची दशांशात बेरीज सांगितली तर बऱ्याच भाषांत उत्तर नेमके ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ असे येते. म्हणून पैसे साठवताना पैशांतला पूर्णांक तरी ठेवावा, नाहीतर डेटाबेसचा डेसिमल प्रकार वापरावा. बिलात एका पैशाचा फरक पडला की मुनीमजी ते बिल मान्य करत नाहीत आणि ते योग्यच करतात.

माझी सुरुवात कागदावर झाली. एका किराणा दुकानाची वही घेतली आणि त्यातली कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली जाते ते लाल पेनाने खुणावत गेलो. ग्राहकाचे नाव दर पानावर येत होते, म्हणून ग्राहकांचा तक्ता वेगळा. मालाचे नाव दर ओळीत येत होते, म्हणून मालाचा तक्ता वेगळा. आणि त्या दोघांना जोडणारा व्यवहारांचा तक्ता. पुस्तकात याला भारदस्त नाव आहे, पण मांडणी करणाऱ्या माणसाला ते ग्रिड आखण्यासारखेच वाटते. त्यानंतर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या. त्याला सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो आणि बिघडली तर फाइल पुसून पुन्हा सुरू करता येते. भाषा म्हणून मी पीएचपी सुचवीन. ती जुनाट आहे असे तरुण मंडळी म्हणतील, पण वर्डप्रेस तिच्यावरच उभे आहे आणि तुमच्या साठ ग्राहकांच्या होस्टिंगवर (भाड्याच्या सर्व्हरवर) ती आजच चालू आहे. लिहिलेले त्याच संध्याकाळी चालताना दिसते, आणि पहाटे उठून शिकणाऱ्याला या दिसण्याची फार गरज असते.

शिकताना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा. वापरणाऱ्याने रकान्यात लिहिलेला मजकूर जसाच्या तसा एसक्यूएलच्या वाक्यात जोडायचा नाही. हुकूम आधी तयार ठेवायचा आणि मजकूर नंतर वेगळा पुरवायचा. जोडाल तर कोणीतरी नावाच्या रकान्यात नावाऐवजी हुकूमच लिहील आणि तुमचा तक्ता वाचून नेईल किंवा पुसून टाकील.

वेलांटी यांचा मुद्दा मला बॅकएंडमध्येच पटला, ही गंमत सांगायला हवी. माझ्या पहिल्या नोकरीत मराठी नावांचा रकाना २० अक्षरांपुरता ठेवला होता आणि बरीच नावे 'लांबी अधिक आहे' म्हणून परत येत होती. तपासणी लिहिणाऱ्याने पीएचपीचे साधे लांबी मोजणारे फंक्शन वापरले होते. ते अक्षरे मोजत नाही, बाइट (साठवणीचे एकक) मोजते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'मराठी' हा शब्द त्याच्या लेखी १५ भरतो. चिन्हे मोजणारे फंक्शन घेतले तर तो ५ भरतो, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. आपण शाळेत शिकलो ती अक्षरे मात्र तीनच, म, रा, ठी. खोलीतल्या चार अभियंत्यांना हे उलगडत नव्हते. मला अक्षर कुठे तुटते ते ठाऊक होते, एवढ्याच बळावर मी ते शोधले. तसेच नावांच्या क्रमवारीचे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, पण यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या सर्व लिप्यांच्या संकेतांकांच्या यादीत, त्याची जागा ल च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे नुसत्या संकेतांकांवर लावलेली यादी मराठी माणसाला चुकीची दिसते. डेटाबेसला भाषेचा क्रम वेगळा सांगावा लागतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तक्ता करताना यूटीएफ-८ चा चार बाइटांचा प्रकार निवडा. तीन बाइटांच्या जुन्या प्रकारात देवनागरी बसते, पण ग्राहकाने नावापुढे एखादे हसरे चित्र टाकले की नोंद अडते किंवा अर्धवट साठते.

इंग्रजीचा वेग वापराने वाढतो. चूक दाखवणारी वाक्ये मोजकीच असतात आणि तीच तीच येतात. मी ती एका वहीत अर्थासह उतरवून ठेवली होती. चार महिन्यांनी वही उघडायची गरज उरली नाही.

संगमावरची (कराड)

तासगावला जाऊन आले. दिल्लीची मागणी साइटवरून आली होती. इंदूरची फोनवरून, त्याच दिवशी दुपारी आणि दिल्लीच्या आधी. शेठ शीतगृहात होते. त्यांनी फोनवर होकार दिला, मुनीमजींनी तो डायरीत लिहिला आणि साइटवरच्या ४० पेट्या रात्री तशाच शिल्लक दिसत राहिल्या. म्हणजे प्लगइनने त्याच्यापुरते काम बरोबर केले होते. मी हे सांगितल्यावर शेठ हसले आणि म्हणाले, "ताई, निम्म्याहून जास्त माल फोनवरच जातो." हे मला आधी कळले असते तर मी मागचे काही महिने वेगळे घालवले असते.

मुनीमजींची डायरी तासभर पाहिली. एक लॉट दोन शीतगृहांत विभागलेला असू शकतो, हे मला ठाऊक नव्हते. काही नोंदींपुढे नुसती फुली आहे. तिचा अर्थ 'शब्द दिला, पैसे यायचे आहेत' असा होतो. मी विचारले की फोन ठेवल्या ठेवल्या हे साइटवर भराल का. ते म्हणाले, सौद्याच्या वेळी एका हातात फोन असतो, तेव्हा दुसऱ्या हाताने जेवढे होईल तेवढेच होईल. शेठनी मला पुन्हा काम दिलेले नाही, पण करून दाखवले तर पाहू म्हणाले आहेत.

मी उद्यापासून एसक्यूलाइट सुरू करते आहे आणि त्याच्या जोडीला मुनीमजींच्या पडद्याचा आराखडा. हे दोन्ही एकत्र करणे चूक ठरेल का?

शिलकी (पुणे)

चूक नाही; उलट पडदा आधी काढा, त्यावरून तक्ते कोणते लागतील ते आपोआप दिसेल. लॉट आणि शीतगृह यांच्यामध्ये एक वेगळा तक्ता येईल, ज्यात कुठे किती पेट्या आहेत एवढेच असेल. त्या फुलीला स्वतःचा रकाना द्या. कबूल, पैसे आले आणि माल गेला या तीन अवस्था आहेत आणि शिल्लक पहिल्याच अवस्थेत कमी झाली पाहिजे. शब्द दिला पण पैसे आलेच नाहीत, तर पेट्या किती दिवसांनी परत मोकळ्या करायच्या हे मात्र शेठनाच विचारा, स्वतः ठरवू नका.

वेलांटी (डोंबिवली)

आणि पडदा डाव्या हाताच्या अंगठ्याने वापरून पाहा. मुनीमजी फोन कोणत्या हातात धरतात, ते पाहिलेत का?

संगमावरची (कराड)

उजव्या. लिहितात डाव्याने.